छत्तीसचा आकडा

नारळी पौर्णिमा उलटली की सातपाटीच्या खाडीत होड्यांची वर्दळ वाढते. होडी लागली की पापलेटच्या टोपल्या सोसायटीच्या काट्यावर जातात. होडी ज्याची त्याची, जाळं ज्याचं त्याचं, डिझेलचं आणि बर्फाचं देणं ज्याच्या त्याच्या खात्यावर. आपण कुठल्या पाण्यात जाळं टाकलं हे तांडेल शेजारच्या होडीलाही सांगत नाही. पण मासळी काट्यावर चढली की सुपर सरंग्यापासून लहान पापलेटपर्यंत वजनाप्रमाणे प्रत लागते, आणि त्या प्रतीचा दर सगळ्यांना एकच. तो दर हंगामाच्या तोंडावर व्यापाऱ्यांशी बोलून ठरलेला असतो. एकट्या नाखव्याने कितीही घासाघीस केली तरी त्याच्या हाती तो लागला नसता. गावात सोसायट्या दोन आहेत, रुसवेफुगवेही आहेत, तरी काटा टिकून आहे.

संसदेतला गट म्हणजे असाच काटा, असं मला नेहमी वाटत आलं आहे. निवडून येतो तो एकटा माणूस, कुणी राजापूरचा, कुणी मुंगेरचा, कुणी गुवाहाटीचा. त्याला बोलायला किती मिनिटं मिळणार, चर्चेत त्याचा नंबर कितवा, कोणत्या समितीत त्याला जागा, हे तो किती जणांबरोबर बसतो यावर ठरतं. समाजवाद्यांनी लोकसभेत पाठवली तशी तयारीची माणसं फार थोड्या पक्षांनी पाठवली असतील. तरीही त्यांचा एकसंध आणि टिकाऊ गट तिथे कधी उभा राहिला नाही. त्याच काळात, १९५३ साली, युरोपातल्या सहा देशांच्या समाजवाद्यांनी एक गट बांधला आणि आज तो सत्तावीस देशांच्या संसदेत बसतो आहे. गट बांधण्याच्या आठच वर्षं आधी एकमेकांवर बंदुका रोखून बसलेल्या देशांच्या माणसांना जे जमलं, ते एकाच तुरुंगात एकत्र राहिलेल्या माणसांना का जमू नये? या प्रश्नापायी मी बरीच वर्षं निवडणुकांचे आकडे आणि संसदेचे नियम चाळत आलो आहे. हा आढावा त्यातूनच आला.

आमच्या किनाऱ्याला हा विषय परका नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामचंद्र भीमाशंकर तिवारी, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे. दरवर्षी त्या दिवशी पालघरला ही नावं घेतली जातात. कोण कुठल्या पक्षाचा हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं, पण भूमिगत होऊन चळवळ चालवणाऱ्यांमध्ये अच्युतराव पटवर्धनांसारखे समाजवादी पुढे होते आणि त्यांची छाप त्या पिढीवर कायमची उमटली. पुढे राष्ट्र सेवा दलाच्या शाखा आल्या, घरात 'साधना' साप्ताहिक येऊ लागलं, आणि मतपत्रिकेवर झोपडी आली. झोपडी म्हणजे प्रजा समाजवादी पक्षाची निशाणी. नवनीतभाई शहांसारखा प्रजा समाजवादी आमदार पालघरने निवडून दिला तो याच मशागतीवर. वर डहाणू-तलासरीत गोदावरी परुळेकरांचा लाल बावटा आणि खाली पालघरच्या पट्ट्यात झोपडी, अशी या जिल्ह्याच्या राजकीय भूगोलाची वही बराच काळ होती.

पक्षाचा जन्म मात्र नाशिकचा म्हणायला हवा. तिथल्या मध्यवर्ती तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव, अशोक मेहता, मिनू मसानी, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे ही मंडळी एकत्र होती. तिथल्या चर्चांमधून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष आकाराला आला. काँग्रेसमध्ये राहून काँग्रेसला डावीकडे ओढायचं, असा तो बेत होता. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने पक्षाच्या आत दुसरा पक्ष चालणार नाही असं ठरवलं, तेव्हा मार्च १९४८ मध्ये समाजवादी बाहेर पडले. तो निर्णयही नाशिकच्याच अधिवेशनातला.

या काळातल्या दोन गोष्टींकडे आपण पुरेसं पाहत नाही. घटना समितीवर समाजवाद्यांनी बहिष्कार टाकला होता. आणि १९४८ मध्ये आचार्य नरेंद्र देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेश विधानसभेचे राजीनामे दिले, कारण ते काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते. पोटनिवडणुकीत ते पडले. दोन्ही निर्णय स्वच्छ मनाचे होते, दुसरा तर आजच्या पक्षांतराच्या दिवसांत वाचताना डोळ्यांत पाणी आणतो. पण त्यामुळे एक झालं. देशाची संसदीय चौकट जेव्हा घडत होती, तेव्हा त्या चौकटीत गट म्हणून कसं बसायचं, कुणी कधी बोलायचं, मतभेद कुठे मिटवायचे, याचा सराव समाजवाद्यांना झालाच नाही. आंदोलनात ते तरबेज होते. बाकावरची शिस्त मात्र त्यांना कोऱ्या पाटीवर गिरवावी लागली.

मग आली १९५२ ची पहिली निवडणूक. समाजवादी पक्षाला १०.५९ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या १२. कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाला ५.७९ टक्के मतं आणि ९ जागा. कम्युनिस्टांना मतं ३.२९ टक्के, जागा १६. तिप्पट मतं मिळवूनही समाजवादी मागे राहिले, कारण त्यांची मतं देशभर पातळ पसरली होती आणि कम्युनिस्टांची मोजक्या पट्ट्यांत घट्ट होती. त्या निकालाने जयप्रकाश खचले. सप्टेंबर १९५२ मध्ये मुंबईत दोन पक्ष एक झाले आणि प्रजा समाजवादी पक्ष जन्मला. अध्यक्ष कृपलानी, सरचिटणीस अशोक मेहता. दोघेही तेव्हा लोकसभेबाहेर होते. कृपलानी १९५३ मध्ये भागलपूरच्या पोटनिवडणुकीतून आले, तर अशोक मेहता १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्यातून. त्याच भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर डॉ. आंबेडकर पराभूत झाले. मराठी माणसाने ही गोष्ट विसरू नये.

आता लोकसभेचा नियम. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी आखून दिलं की सभागृहात 'पक्ष' म्हणून मान्यता हवी तर एकूण सदस्यांच्या किमान एक दशांश माणसं हवीत, म्हणजे गणपूर्ती एकट्याच्या बळावर करता येईल इतकी. त्याखाली 'गट' म्हणून मान्यता हवी तर किमान ३०. त्यामागचा विचार साधा होता. पाच-पाच जणांची पन्नास टोळकी झाली तर सभागृह चालणार कसं? मावळंकरांची इच्छा होती की लहान पक्षांनी एकत्र यावं. नियम दार उघडून उभा होता, आत यायला तीस माणसं हवी होती. १९५२ च्या बारा आणि नऊची बेरीज होते एकवीस.

एकवीसचे तीस व्हायला हवे होते. झालं उलटं. १९५३ च्या सुरुवातीला नेहरू आणि जयप्रकाश यांच्यात सहकार्याची बोलणी झाली, ती फिसकटली. त्याच वर्षी बैतूलला अशोक मेहतांनी मांडलं की मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधी पक्षाने सरकारशी काही क्षेत्रांत हातमिळवणी करणं भाग आहे. डॉ. राममनोहर लोहियांना ते मुळीच मान्य नव्हतं. काँग्रेस आणि कम्युनिस्ट दोघांपासून सारखंच अंतर ठेवा, असं त्यांचं म्हणणं. ऑगस्ट १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिल्लै यांच्या प्रजा समाजवादी सरकारच्या पोलिसांनी तमिळ आंदोलकांवर गोळ्या झाडल्या. लोहिया तेव्हा पक्षाचे सरचिटणीस होते. आपल्याच सरकारने राजीनामा द्यावा अशी त्यांनी मागणी केली. पक्षाने ती मानली नाही. १९५५ संपताना लोहियांचा वेगळा समाजवादी पक्ष हैदराबादला उभा राहिला आणि मधु लिमये त्यांच्याबरोबर गेले.

या फुटीचा न्यायनिवाडा आपल्याकडे नेहमी माणसांवरून होतो. लोहिया हटवादी की मेहता तडजोडवादी, असा. लोहियांचा गोळीबाराला असलेला विरोध मला आजही बरोबर वाटतो. पण माझं दुखणं वेगळं आहे. पक्षाची राष्ट्रीय कार्यकारिणी, एका राज्यातलं सरकार आणि दिल्लीतले खासदार, या तिघांच्या अधिकाराच्या सीमा कुठेच आखलेल्या नव्हत्या. त्रावणकोरच्या गोळीबारावर लोकसभेतल्या गटाने स्वतंत्र भूमिका घ्यावी आणि तरीही एकत्र राहावं, अशी सोयच नव्हती. प्रत्येक मतभेद थेट पक्षाच्या मुळावर जायचा. घरात भांड्याला भांडं लागलं की भिंत घालायची, दुसरा इलाज माहीत नाही, असं ते घर.

१९५३ हेच वर्ष बाहेरच्या जगातही समाजवाद्यांनी हात मिळवण्याचं होतं. जानेवारीत रंगूनला आशियाई समाजवादी परिषद भरली. ब्रिटनचे क्लेमंट ॲटली पाहुणे म्हणून आले होते. भारतातून प्रजा समाजवादी पक्ष होता, ब्रह्मदेश आणि इंडोनेशियाचे समाजवादी होते, इस्रायलचा मापाई पक्ष होता. दुसरी परिषद नोव्हेंबर १९५६ मध्ये आपल्या मुंबईत झाली, सुएझ आणि हंगेरी दोन्ही धगधगत असताना. पण या परिषदेला स्वतःचं सभागृह नव्हतं, मत द्यायची जागा नव्हती. इंडोनेशियाच्या पक्षावर १९६० मध्ये बंदी आली, १९६२ मध्ये ब्रह्मदेशात लष्कर आलं, आणि ती विरून गेली.

तिकडे स्ट्रासबर्गला मात्र सभागृह होतं. युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदायाची सभा, म्हणजे आजच्या युरोपीय संसदेचं मूळ, १९५२ मध्ये सुरू झाली. सदस्य ७८. फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि इटलीचे प्रत्येकी अठरा, बेल्जियम आणि नेदरलँड्सचे दहा-दहा, लक्झेंबर्गचे चार. सुरुवातीला ते आडनावांच्या वर्णक्रमाने बसत. जून १९५३ मध्ये नियम बदलला, नऊ जणांचा गट मान्य झाला आणि ख्रिस्ती लोकशाहीवादी, समाजवादी व उदारमतवादी असे तीन गट झाले. समाजवादी गटाचे पहिले अध्यक्ष फ्रान्सचे गी मोले. माणसं देश सोडून विचाराने बसू लागली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्यातही जर्मन समाजवादी लोकशाही पक्षाने आपल्या संसदेत या समुदायाच्या कराराविरुद्ध मत दिलं होतं. मूळ करारच नको म्हणणारे आणि हवा म्हणणारे एकाच बाकावर बसले, आणि गट फुटला नाही. ब्रिटनच्या मजूर पक्षाने तर देशाने प्रवेश केल्यावरही खासदार पाठवले नाहीत, १९७५ चं सार्वमत झाल्यावरच पाठवले. गटाने तोवर वाट पाहिली.

पुन्हा आपल्या लोकसभेत येऊ. १९५७ ते १९७० ही तिथल्या समाजवाद्यांची सर्वात देखणी वर्षं. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ ला राजापूरमधून नाथ पै आले, पुण्यातून नानासाहेब, म्हणजे ना. ग. गोरे. पक्षाच्या एकूण जागा १९. नाथ पै वेंगुर्ल्याचे, लंडनला बॅरिस्टर झालेले, समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष राहिलेले. स्ट्रासबर्गमध्ये गट बांधणाऱ्यांच्या पुढच्या पिढीला ते जवळून ओळखत होते. त्यांच्या बाकावर ओडिशाचे सुरेंद्रनाथ द्विवेदी होते, आसामचे कवी हेम बरुआ होते, होशंगाबादचे हरी विष्णु कामत होते. पलीकडे लोहियांच्या बाकांवर पुढे मुंगेरचे खासदार म्हणून पुण्याचे मधु लिमये आले, पुरीचे रवी राय आले. मराठी माणूस बिहारमधून निवडून येतो, मुंगेरच्या शेतकऱ्यांचे प्रश्न मांडतो आणि नियमावलीचं पुस्तक हातात धरून मंत्र्यांना जागेवर खिळवून ठेवतो, हे चित्र आज कुणाला खरं वाटणार नाही. बहुभाषक देशाच्या संसदेत राज्यांच्या सीमा ओलांडणारा गट कसा दिसू शकतो, याचा तो नमुना होता.

पण नमुने दोन होते आणि दोघांची एकमेकांकडे पाठ होती. १९६२ ला प्रजा समाजवादी १२, समाजवादी ६. ऑगस्ट १९६३ मध्ये कृपलानींनी देशातला पहिला अविश्वास ठराव आणला. ते तोवर पक्षाबाहेर पडून अपक्ष झाले होते. त्या चर्चेत गरीब माणूस दिवसाला तीन आण्यांवर जगतो, हे लोहियांनी मांडलं आणि सभागृह हादरलं. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. त्याच वर्षी अशोक मेहतांनी नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपद घेतलं आणि पुढच्या वर्षी ते पक्षाबाहेर गेले. मग जून १९६४ मध्ये दोन्ही पक्ष एक होऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला. सात महिन्यांत, जानेवारी १९६५ च्या वाराणसी अधिवेशनात, तो पुन्हा दुभंगला.

आणि १९६७ आलं. मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांनी स. का. पाटलांना पाडलं, पुण्यातून एस. एम. आले, कनौजमधून लोहिया, राजापूरमधून नाथ पै तिसऱ्यांदा. संयुक्त समाजवादी २३, प्रजा समाजवादी १३.

तेवीस आणि तेरा, छत्तीस.

मावळंकरांच्या अटीपेक्षा सहा जास्त, आणि भारतीय जनसंघाच्या ३५ पेक्षा एकाने अधिक. पहिल्या निवडणुकीपासून तोवर समाजवाद्यांच्या दोन घरांची बेरीज इतक्या स्पष्टपणे तीसच्या पार कधी गेली नव्हती. अनेक राज्यांतले, पाच-सहा मातृभाषांचे छत्तीस खासदार, काँग्रेस २८३ वर घसरलेली, आणि बाकावर लोहिया, एस. एम., नाथ पै, लिमये, फर्नांडिस, द्विवेदी, रवी राय. मराठीत दोघांचं पटेनासं झालं की छत्तीसचा आकडा म्हणतात, तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून. त्या वर्षी तो आकडा अक्षरशः लोकसभेत बसला होता. निकालांची पानं चाळताना ही बेरीज पहिल्यांदा केली तेव्हा मी बराच वेळ ते पान उलटलं नव्हतं.

एकत्र बसून काय साधलं असतं, याचं एकच उदाहरण घेतो. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी सांगितलं की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. एप्रिलमध्ये नाथ पैंनी संसदेचा तो अधिकार परत मिळवण्यासाठी खासगी विधेयक मांडलं. लोकांनी निवडलेल्या सभागृहाला सामाजिक न्यायासाठी घटना बदलता यावी, अशी त्यांची भूमिका. समाजवाद्यांतच यावर दोन तट पडले, कारण हा अधिकार उद्या कोण कशासाठी वापरील ही भीतीही खरी होती, आणि आणीबाणीने ती खरी करून दाखवली. दोन्ही बाजू वजनदार होत्या. असा मतभेद एकाच गटाच्या बैठकीत बंद दाराआड लढला गेला असता तर त्यातून अधिकार आणि अंकुश दोन्ही सांभाळणारं तिसरं काही निघालं असतं, असं मला मनापासून वाटतं. झालं असं की लोकसभा विसर्जित झाली, विधेयक बुडालं, जानेवारी १९७१ मध्ये बेळगावात नाथ पै गेले, आणि त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने इंदिरा गांधींच्या प्रचंड बहुमताने तो अधिकार परत घेतला.

पुढचा इतिहास झरझर उतरणीचा आहे. १९७१ ला संयुक्त समाजवादी ३, प्रजा समाजवादी २. मग विलीनीकरण, फूट, भारतीय लोकदल, आणि १९७७ ला सगळेच जनता पक्षात. मृणाल गोरे आणि बापू काळदाते लोकसभेत आले, आमच्या डहाणू मतदारसंघातून मात्र मार्क्सवादी कम्युनिस्ट लहानू कोम. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली. ज्यांनी त्याआधी रात्रभर लाकडावर प्रवास केला आहे, त्यांना समाजवाद म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. १९७९ मध्ये जनता पक्ष आणि रा. स्व. संघ अशा दुहेरी सदस्यत्वाच्या वादात तो पक्ष फुटला आणि समाजवादी म्हणून ओळखता येईल असा बाक लोकसभेत उरला नाही.

स्ट्रासबर्गच्या गटाचं नेमकं काय वेगळं होतं? त्याचं रोजचं कामकाज पाहिलं की उत्तर सापडू लागतं. तिथे आज गट करायला २३ सदस्य लागतात, आणि ते किमान सात देशांचे असावे लागतात. एका देशाच्या पन्नास जणांनाही गट करता येत नाही. गटाला संसदेकडून पैसा, कर्मचारी, कचेरी आणि संख्येच्या प्रमाणात बोलण्याचा वेळ मिळतो. कामाचे आठवडे वाटलेले असतात, काही समित्यांचे, काही खास गटाच्या बैठकांचे, मग स्ट्रासबर्गचं अधिवेशन. गटाच्या पोटात देशवार शिष्टमंडळं असतात आणि प्रत्येक समितीत गटाचा एक समन्वयक. एखादा कायदा समितीत आला की गट आपल्यातल्या एकावर तो सोपवतो. तो इतर गटांच्या माणसांशी वाटाघाटी करतो, परत येऊन आपल्या गटाला सांगतो, आणि मतदानाआधी कलमवार यादी निघते. पटलं नाही तर एखादं शिष्टमंडळ वेगळं मत देतं. नाराजी होते, पण कुणाचं सदस्यत्व जात नाही. मतभेदाला तिथे ठरलेली वेळ आणि ठरलेली खोली आहे.

सातपाटीकराला पटेल असं उदाहरण मासळीचंच आहे. युरोपच्या सामाईक मत्स्यधोरणात सुधारणा करायची होती तेव्हा ते काम समाजवादी गटाच्या जर्मन सदस्य उलरिके रोडुस्ट यांच्याकडे आलं. जाळ्यात आलेली नको ती मासळी मेलेली समुद्रात फेकून द्यायची, ही तिथली जुनी खोड बंद करायची आणि साठा टिकेल इतकंच पकडायचं, हा गाभा. त्याच गटात मोठ्या नौकांच्या स्पेनचे सदस्य होते आणि समुद्र नसलेल्या ऑस्ट्रियाचेही. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी त्यांचा अहवाल ५०२ विरुद्ध १३७ मतांनी मंजूर झाला. इतक्या परस्परविरोधी हिताच्या माणसांना सामावून घेण्याची ती सवय एका दिवसात आलेली नाही, साठ वर्षांच्या बैठकांमधून आली आहे.

त्या गटाचं सगळं गोड आहे असं नाही. १९७९ च्या पहिल्या थेट निवडणुकीत तो ४१० च्या सभागृहात सर्वात मोठा होता, १९९९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि तिथेच राहिला. २००९ मध्ये इटलीच्या डेमोक्रॅटिक पक्षाला सामावून घेताना नावात 'लोकशाहीवादी' जोडावं लागलं. २०२४ मध्ये ७२० पैकी १३६ जागा. डिसेंबर २०२२ च्या ब्रुसेल्समधल्या लाचखोरीच्या तपासात या गटाच्या सदस्यांची नावं आली आणि गटाची मान खाली गेली. पुरोगामी तडजोडी करता करता कामगार दुसरीकडे गेला, ही टीका तिथल्या समाजवाद्यांनाही सलते. तरी बाक आहे, आणि त्यावर बसून भांडता येतं.

आपल्याकडे आता गट टिकवण्याचं काम कायद्याने हाती घेतलं आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षादेश मोडणाऱ्याचं सदस्यत्व जातं. त्यातून पळवापळवी थांबली नाही, हे महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत डोळ्यांनी पाहिलं. मतभेद मात्र मुके झाले. नाथ पै किंवा लिमये आजच्या नियमात आपल्या पक्षाच्या आदेशाविरुद्ध एकदा मत देऊन खासदार राहिले नसते. समाजवादाचा वारसा सांगणारे पक्ष आजही लोकसभेत आहेत. २०२४ मध्ये समाजवादी पक्षाचे ३७ निवडून आले, सगळे उत्तर प्रदेशातून. संयुक्त जनता दलाचे १२, सगळे बिहारमधून, आणि समोरच्या बाजूला. मावळंकरांच्या मोजपट्टीने सदतीस म्हणजे भक्कम गट. स्ट्रासबर्गच्या मोजपट्टीने तो गटच नव्हे. १९६७ चे छत्तीस दोन्हीकडे बसले असते.

आमच्या किनाऱ्याला याचं काय, असं कुणी विचारील. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्यापलीकडची केंद्राच्या. पापलेट ती रेघ ओळखत नाही. १९९१ च्या धोरणाने परदेशी भागीदारीतल्या जहाजांना खोल समुद्रात परवाने दिले तेव्हा केरळपासून महाराष्ट्रापर्यंत मच्छिमारांनी बंद पाळले, मुरारी समिती नेमावी लागली आणि तिने १९९६ मध्ये ते परवाने रद्द करायला सांगितलं. ते रस्त्यावरून मिळालं, सभागृहातल्या कुठल्या गटाने मिळवून दिलं नाही. आता वाढवणला ७६,२०० कोटींचं बंदर येतं आहे, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये त्याची पायाभरणी झाली, आणि मच्छिमारांचा विरोध अजून मावळलेला नाही. पालघरचा खासदार कुठल्याही पक्षाचा असो, तो एकटा आहे. आंध्र, तमिळनाडू, ओडिशा, बंगालच्या किनाऱ्यांचे खासदार याच प्रश्नावर आपापल्या भाषेत एकटे आहेत.

१९७१ मध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे जे दोन खासदार उरले होते, त्यातले एक राजापूरचे मधु दंडवते. दुसरे बंगालमधल्या कांथीचे समर गुहा. एक पश्चिम किनाऱ्यावरचा मतदारसंघ, एक पूर्व किनाऱ्यावरचा, आणि दोन्हीकडे वाळूवर मासळी सुकत घातलेली.